वेब डिरेक्टरीचं संपादक व्हायचंय? खान्देशातून येणारे नेहमीचे प्रश्न

हे प्रश्न मी बसून काढलेले नाहीत. जळगावच्या बसस्टँडवर, चोपड्याच्या लग्नात हळदीच्या मांडवाखाली, धुळ्याहून रात्री नऊनंतर येणाऱ्या फोनवर ते मला विचारले गेलेत. तीच तीच उत्तरं देऊन तोंड दुखलं, म्हणून एकदाची लिहून ठेवतो. उत्तरं प्रामुख्याने डीमॉझ आणि तिच्यामागून आलेली कर्ली या डिरेक्टरीला धरून आहेत. दुसरीकडे अर्ज करणार असाल तर तिथले नियम आधी वाचा, पण बराचसा मजकूर तिथेही लागू पडेल.

वेब डिरेक्टरी म्हणजे नेमकं काय? गुगल असताना ती कशाला?

वेबसाइटींची विषयवार यादी, जी माणसांनी स्वतः साइट उघडून, वाचून केलेली असते. गुगलवर 'केळी' टाका. बाजारभाव येईल, शिकरणाची कृती येईल, कुणाचा तरी ड्रोनने काढलेला बागेचा व्हिडिओ येईल, ट्रकभाड्याची जाहिरात येईल. डिरेक्टरीत तसं नाही. शेती, त्यात फळपिकं, त्यात केळी असा जिना उतरत जायचं आणि त्या खणात कुणीतरी तपासून ठेवलेल्या आठ-दहा साइटी बघायच्या. भुसावळच्या यार्डात कोणता डबा कोणत्या रुळावर घ्यायचा हे कुणीतरी ठरवतं ना, तसं प्रत्येक साइट कुठे लावायची हे इथे संपादक ठरवतो.

आता खरं सांगायचं तर डिरेक्टरी उघडून साइट शोधणारे लोक फार कमी उरलेत. हे माहीत असूनही काम करायचं असेल तरच पुढचं वाचा.

कर्ली म्हणजे डीमॉझच का?

तिचीच पुढची पिढी. जून १९९८ मध्ये रिच स्क्रेंटा आणि बॉब ट्रुएल यांनी अमेरिकेत डीमॉझ सुरू केली. (नंदुरबारकरांसाठी खूण: तुमचा जिल्हा १ जुलै १९९८ ला धुळ्यातून वेगळा झाला. दोघं जवळपास एकाच महिन्यातले.) पहिलं नाव होतं ग्नूहू. त्यावर ग्नू या मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रकल्पाकडून आक्षेप आला, मग न्यूहू झालं. वर्ष संपायच्या आत नेटस्केप या ब्राउझरवाल्या कंपनीने ती विकत घेतली आणि नाव पडलं ओपन डिरेक्टरी प्रोजेक्ट. डिरेक्टरी डॉट मोझिला या पत्त्यावरून लोक तिला डीमॉझ म्हणू लागले. पुढे नेटस्केपच एओएल या इंटरनेट कंपनीने घेतली, तिच्याबरोबर डीमॉझही गेली.

त्या काळात याहूची डिरेक्टरी पगारी माणसं चालवत होती. वेब वाढत गेलं तशी ती माणसं पुरेनात. डीमॉझचं गणित उलटं होतं: वेबवर माणसं वाढतात, तर त्यातलीच काही फुकट काम करतील. आणि केलं लोकांनी. शेवटी शेवटी तिथे ३८ लाखांवर साइटी, दहा लाखांवर कॅटेगऱ्या आणि ९० भाषा होत्या. आजवरच्या संपादकांची बेरीज ९० हजारांच्या वर गेली होती. गुगलची स्वतःची डिरेक्टरीसुद्धा डीमॉझच्याच यादीवर चालायची, ती २०११ मध्ये बंद झाली. याहूची २०१४ च्या शेवटी. १७ मार्च २०१७ ला एओएलने डीमॉझही बंद केली. तिथल्या संपादकांनी मात्र ती यादी उचलून कर्ली या नावाने पुन्हा मांडली.

पगार कितला शे?

काहीच नाही. मानधन नाही, प्रवासखर्च नाही, प्रमाणपत्राचा सोहळाही नाही. एखाद्या साइटवाल्याकडून 'चहापाण्याचे' घेऊन तिला यादीत टाकलं आणि ते कळलं, तर संपादकपद जातं.

यासाठी शिक्षण किती लागतं? मी फक्त बारावी आहे.

शिक्षणाची अट नाही. मला दिसलेले चांगले संपादक म्हणजे एक ग्रंथपाल, एक कृषी सेवा केंद्रावर बसणारा मुलगा आणि संसार सांभाळून जुन्या ओव्या गोळा करणाऱ्या एक ताई. तिघांत सारखं काय, तर तिघांना वाचायची सवय आहे आणि तिघं ऱ्हस्व-दीर्घाकडे दुर्लक्ष करत नाहीत. कॉम्प्युटरचं ज्ञान म्हणाल तर साइट उघडता येणं, पत्ता नीट कॉपी करता येणं आणि युनिकोडमध्ये (म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर नीट दिसेल असं) मराठी टाइप करता येणं एवढं पुरतं. प्रोग्रॅमिंग लागत नाही.

कोणती कॅटेगरी निवडू?

लहान. अगदी लहान. अर्ज परत येण्याचं मोठ्यातलं मोठं कारण इथेच असतं.

माझा पहिला अर्ज 'महाराष्ट्र' या अख्ख्या कॅटेगरीसाठी होता. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, माझ्या खान्देशची थोरवी जगाला कळावी. आज तो अर्ज माझ्यापुढे आला तर मीही परतच पाठवीन. नवख्या माणसाच्या हातात हजारो नोंदींची चावी कोण देईल? दुसऱ्या वेळी तालुक्याएवढी कॅटेगरी मागितली, आत मोजून सात नोंदी होत्या, त्यातल्या दोन मेलेल्या. अर्जात तेवढंच लिहिलं की या दोन उघडत नाहीत, आणि या तीन नव्या सुचवतो. तो मंजूर झाला.

कॅटेगरी निवडताना दोन गोष्टी तपासा.

एक, भाषा. मराठी साइटी मराठीच्या फांदीत जातात, इंग्रजी साइटी इंग्रजीच्या. जळगावची म्हणून साइट मराठी फांदीत येत नाही, ती मराठीत लिहिलेली असावी लागते. तुम्ही ज्या भाषेत रोज लिहिता ती फांदी घ्या. इंग्रजी फांदीत मोडकं इंग्रजी लिहिण्यापेक्षा मराठी फांदीत नीटस मराठी लिहिलेलं केव्हाही चांगलं.

दोन, विषय की ठिकाण. इथे बरेच जण अडखळतात. समजा, रावेर तालुक्यातली एक रोपवाटिका आहे, आसपासच्या गावांना रोपं विकते. तिचा उपयोग त्या भागातल्या शेतकऱ्याला, म्हणून ती ठिकाणाच्या कॅटेगरीत. दुसरी साइट केळीवरच्या करप्याची सगळी माहिती देते, लक्षणं, फवारणी, फोटो. ती चालवणारा यावलचा असला तरी ती सोलापूरच्या केळीवाल्यालाही तितकीच कामाची आहे. म्हणजे ती विषयाच्या कॅटेगरीत. साइटवाला कुठे राहतो हे विचारू नका, साइट कुणाच्या कामाची आहे ते विचारा.

मागितलेल्या कॅटेगरीत आधीच संपादक असेल तर?

चालतं. एका कॅटेगरीला अनेक संपादक असू शकतात. आणि एक लक्षात ठेवा, वरच्या कॅटेगरीचा संपादक तिच्या पोटातल्या सगळ्या उपकॅटेगऱ्यांत काम करू शकतो. त्यामुळे नाव दिसलं नाही म्हणून ती जागा बेवारस आहे असं समजू नका.

अर्जात काय काय भरावं लागतं?

फार नाही. त्या कॅटेगरीच्या पानावरच संपादक होण्यासाठीचा दुवा असतो, तिथून आत जायचं. नाव, चालू असलेला ईमेल, एक संपादक-नाव. हे संपादक-नाव सगळ्यांना दिसतं, तेव्हा 'खान्देशचा_वाघ' वगैरे घेण्याआधी दोनदा विचार करा. पुढे, या विषयात रस का, माहिती कुठून आली, आधी असं काही काम केलंय का. मग तुमचा कोणत्या साइटींशी संबंध आहे. आणि शेवटी त्या कॅटेगरीत घालता येतील अशा दोन-तीन साइटींच्या नमुना नोंदी.

'रस का' याला चार ओळी पुरतात. "मी वीस वर्षं केळी लावतो, या विषयाच्या मराठी साइटी नेहमी बघतो" हे झालं. लोक इथे आत्मचरित्र लिहितात आणि नमुना नोंदी पाच मिनिटांत उरकतात. खरं तर अर्ज तपासणारा सगळ्यात बारकाईने नोंदीच वाचतो, कारण उद्या तुम्ही काय लिहिणार आहात ते तिथेच दिसतं.

नमुना नोंद कशी लिहायची? एखादी करून दाखवा.

करून दाखवतो. नोंदीचे तीन भाग असतात: पत्ता, शीर्षक, वर्णन. समजा, वर सांगितली तशीच एक रोपवाटिका आहे. (साइट काल्पनिक आहे, पण अशा वर्णनाच्या डझनभर सापडतील.) पहिल्या झटक्यात लोक असं लिहितात:

शीर्षक: "खान्देशातील नं. १ टिश्यू कल्चर केळी रोपे!!"
वर्णन: "आम्ही गेली अनेक वर्षे शेतकरी बांधवांच्या सेवेत सर्वोत्कृष्ट, दर्जेदार व खात्रीशीर जी-नाईन रोपे अत्यंत वाजवी दरात पुरवतो. एकदा अवश्य भेट द्या. आजच संपर्क करा!"

आता कात्री घेऊ. शीर्षक म्हणजे साइटचं नाव, घोषणा नव्हे. रोपवाटिकेच्या फलकावर जे नाव आहे तेवढंच ठेवायचं. उद्गारचिन्हं दोन्ही गेली. वर्णनातलं 'आम्ही' गेलं, कारण लिहिणारा साइटवाला नाही, संपादक आहे. 'सर्वोत्कृष्ट', 'दर्जेदार', 'खात्रीशीर', 'वाजवी' ही चारही विशेषणं गेली. ती खोटी आहेत असं नाही, पण खरी आहेत हे तुम्ही पारखलेलं नाही, आणि ते तुमचं कामही नाही. 'भेट द्या', 'संपर्क करा' गेलं. मग उरलं काय? 'जी-नाईन रोपे' (जी-नाईन ही केळीची एक जात). एवढंच!

हे होतंच. म्हणून पुन्हा साइट उघडायची आणि आत खरोखर काय आहे ते बघायचं. समजा, आत लागवडीचं महिनावार वेळापत्रक आहे, रोपांचं दरपत्रक आहे, मागणी नोंदवायचा अर्ज आहे, हार्डनिंगच्या (रोपं बाहेरच्या हवेला सरावण्याच्या) शेडचे फोटो आहेत. तर नोंद होईल:

वर्णन: "उतीसंवर्धित केळी रोपांचं दरपत्रक, लागवडीचं महिनावार वेळापत्रक, शेडची छायाचित्रं आणि मागणी अर्ज. रोपवाटिका रावेर तालुक्यात."

झालं. पंधरा शब्दांच्या आसपास. पंचवीस-तीसच्या पुढे सहसा जाऊ नये. शीर्षकात आलेलं नाव वर्णनात पुन्हा नको. 'या वेबसाइटवर आपणास माहिती मिळेल' अशी सुरुवात नको, वेबसाइटवर माहितीच मिळते. शेवटी पूर्णविराम हवा.

देवस्थानाच्या साइटींत हात जास्त थरथरतो. मुक्ताईच्या किंवा एरंडोलजवळच्या पद्मालयाच्या गणपतीच्या साइटबद्दल लिहिताना 'जागृत', 'नवसाला पावणारं' असे शब्द आपोआप येतात. श्रद्धा ठेवा, शब्द काढा. "मंदिराचा इतिहास, आरतीच्या वेळा, यात्रेच्या तारखा, एरंडोलहून जाण्याचा मार्ग" एवढं लिहिलं की भाविकाचंही काम होतं.

एक युक्ती सांगतो. वर्णन लिहून झालं की त्यातून साइटचं नाव झाका आणि दुसऱ्याला वाचायला द्या. 'ही कुणाची जाहिरात?' असं त्याने विचारलं तर पुन्हा लिहा. 'म्हणजे तिथे दरपत्रक मिळेल ना?' असं विचारलं तर जमलं.

कोणत्या साइटी नमुन्याला घेऊ नयेत?

काम चालू आहे असा फलक लावलेल्या अर्धवट साइटी. नुसत्या जाहिराती किंवा दुसऱ्याच्या दुकानाकडे नेणारे दुवे भरलेल्या. एकच मजकूर तीन वेगवेगळ्या पत्त्यांवर टाकलेल्या. दुसरीकडून उचललेला मजकूर. आणि एकाच साइटची चार आतली पानं वेगळ्या नोंदी म्हणून देऊ नका. साधारणपणे एका साइटला एक नोंद, तीही मुखपृष्ठाची. आणि कॅटेगरीत आधीच असलेली साइट नमुन्यात दिली तर तुम्ही कॅटेगरी उघडूनही पाहिली नाही हे लगेच कळतं. हसू नका, हे मी दोनदा बघितलंय.

माझ्या भावाचं दुकान त्याच कॅटेगरीत येतं. सांगू की गुपचूप बसू?

सांगा. हा प्रश्न खान्देशात जास्त येतो, कारण आपल्याकडे चार गावं फिरलं की कुणी ना कुणी मामेभाऊ निघतोच. संबंध असणं हा गुन्हा नाही. फोटोग्राफीच्या कॅटेगरीला फोटोग्राफरच अर्ज करणार, त्याची स्वतःची साइट असणारच. अर्जातला तो रकाना त्यासाठीच आहे: माझी ही साइट, भावाचं हे दुकान, या संस्थेचं काम मी करतो. लिहिलं की विषय संपला.

लपवलं तर मात्र अवघड होतं. साइटच्या नोंदणीतला ईमेल, पानाच्या तळाशी बारीक अक्षरात 'रचना:' म्हणून आलेलं नाव, कुठूनतरी निघतंच. आणि मंजुरीनंतरही नियम तोच: आपल्या साइटला जी मोजपट्टी तीच समोरच्या दुकानाला. भावाच्या नोंदीत 'प्रसिद्ध' आणि शेजाऱ्याच्या नोंदीत नुसतं 'दुकान' असं चालत नाही. शेजाऱ्याची नोंद पुढे ढकलत राहणं हाही त्यातलाच प्रकार.

साइटवर एदलाबाद लिहिलंय, आता गाव मुक्ताईनगर. काय लिहू?

शीर्षकात साइट स्वतःला जे म्हणवते ते. वर्णनात आजचं नाव. संस्थेच्या नावातच जुनं गावनाव असेल तर ते संस्थेचं नाव आहे, दुरुस्त करायचं नाही. 'पूर्व खान्देश', 'पश्चिम खान्देश' हे जुन्या कागदपत्रांच्या साइटींत दिसेल. १९०६ मध्ये इंग्रजांनी खान्देश जिल्ह्याचे ते दोन भाग केले, पुढे त्यांचेच जळगाव आणि धुळे जिल्हे झाले. वर्णनात आजचा जिल्हा लिहा. आणि 'खानदेश' की 'खान्देश' यावर माझ्याशी वाद घालू नका. एक रूप धरा आणि सगळ्या नोंदींत तेच वापरा.

जुन्या मराठी साइटवरून मजकूर कॉपी केला तर भलतीच अक्षरं उमटतात.

ती साइट युनिकोडच्या आधीच्या फॉन्टात आहे. डोळ्यांना मराठी दिसतं, आत मात्र रोमन अक्षरं असतात. शीर्षक कॉपी करू नका, हाताने टाइप करा. तो फॉन्ट तुमच्याकडे नसेल तर अख्खं पान निरर्थक दिसेल, तशी साइट नमुन्याला घेऊ नका, कारण तपासणाऱ्यालाही ती तशीच दिसेल.

अहिराणीचं काय? तिची वेगळी फांदी मागता येईल का?

मनापासून आवडणारा प्रश्न, आणि मनापासून सांगतो: पहिल्या अर्जात नको. अहिराणीला भाषा म्हणून आंतरराष्ट्रीय यादीत 'एएचआर' हा तीन अक्षरी संकेत आहे, म्हणजे ती वेगळी भाषा नाही असं कुणी म्हणणार नाही. पण भाषेची फांदी उघडायची तर तिच्यात लावायला पुरेशा साइटी लागतात, आणि सांभाळणारे हात लागतात. आज अहिराणी सर्वाधिक दिसते ती व्हिडिओत आणि व्हॉट्सॲपवरच्या विनोदांत. अहिराणीत लिहिलेली, स्वतःच्या पत्त्यावर उभी असलेली साइट शोधायला बसा, म्हणजे कळेल.

मग करायचं काय? मराठी फांदीत भाषेसंबंधी किंवा लोकसाहित्यासंबंधी छोटी कॅटेगरी घ्या. अहिराणी शब्दसंग्रह, कानबाईची गाणी, म्हणी, जे काही भरीव सापडेल ते तिथे नीट नोंदवा. वर्णन मराठीत, आणि साइट अहिराणीत असेल तर तसं स्पष्ट लिहा. नोंदी जमल्या की वेगळ्या कॅटेगरीची मागणी करताना तुमच्या हातात यादी असेल. नुसत्या अभिमानावर फांदी फुटत नाही.

अर्ज पाठवला. उत्तर कधी येतं?

सांगता येत नाही. अर्ज तपासणारे मेटा एडिटरही स्वयंसेवकच, त्यांनाही घरदार आहे. आठवड्यांत मोजा, तासांत नको. स्पॅमचा फोल्डर बघत राहा, पुष्कळांचं उत्तर तिथेच पडून असतं. कधी कधी 'आणखी एक नमुना द्या' असंही विचारतात. तो नकार नसतो, बहुधा चांगली खूण असते. रोज नवा अर्ज मात्र टाकू नका. तलाठी कार्यालयात रोज जाऊन उभं राहिल्यावर काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे, इथेही तसंच.

नाकारला तर?

पुन्हा करता येतो. आधी कारण शोधा. कॅटेगरी फार मोठी, नमुने जाहिरातबाज, शुद्धलेखन ढिलं, साइटी चुकीच्या जागी, संबंध लपवलेला, यातलंच एखादं बहुधा असतं. तोच अर्ज जसाच्या तसा दुसऱ्या नावाने पाठवणं ही सर्वांत वाईट कल्पना. एका माणसाला एकच खातं, दोन सापडली तर दोन्ही जातात.

मंजूर झालं! आता पहिलं काय करू?

नवीन काही घालू नका. आधी आहेत त्या नोंदी उघडून बघा. प्रत्येक.

माझा पहिल्या संध्याकाळचा हिशोब अजून वहीत आहे. सात नोंदी. दोन बंद हे अर्जातच लिहिलं होतं. तिसरी उघडली, पण शाळेच्या जागी पत्त्यांचा जुगार. शाळेने वेबपत्त्याचं नूतनीकरण केलं नव्हतं, तो भलत्याच कुणी उचलला होता. चौथी नव्या पत्त्यावर हलली होती, पाचवीच्या वर्णनात 'लवकरच येत आहे' असं लिहिलं होतं आणि ते कित्येक वर्षांपूर्वी येऊन गेलं होतं. धड अशा दोनच. जुगाराची नोंद आधी काढली, बाकीच्या सावकाश. मेलेले दुवे हुडकायला डीमॉझकडे रोबोझिला नावाचा प्रोग्रॅम होता, पण पत्ता जिवंत आणि आतला माल बदललेला, हे त्याला कसं कळणार? त्याला माणूसच लागतो.

त्यानंतर लोकांनी सुचवलेल्या साइटींची रांग बघा. ती संपवलीच पाहिजे असं बंधन नाही. रांगेत पुष्कळ कचरा असतो, आणि स्वतः शोधलेली एक चांगली साइट त्यातल्या वीस नोंदींपेक्षा जास्त कामाची ठरते. नोंद काढताना किंवा हलवताना संपादकांसाठीच्या टिपेत कारण लिहा. 'नको वाटली' हे कारण नव्हे. 'पत्ता जुगाराकडे जातो, तारीख अमुक' हे कारण.

किती वेळ द्यावा लागतो?

आठवड्याला तासभरही पुरतो. पण अगदीच विसरून चालत नाही. डीमॉझच्या काळापासूनचा नियम असा की चार महिन्यांत एकही संपादन झालं नाही तर खातं निजतं. ते पुन्हा उठवायला विनंती करता येते, पण कशाला ती वेळ आणा? कपाशीची वेचणी आणि लग्नसराई लागोपाठ आली की इकडच्या लोकांची खाती हमखास निजतात. त्या दिवसांत निदान एखादं वर्णन दुरुस्त करून या.

मोबाइलवरून काम होतं का?

नोंद तपासायला होतं. लिहायला बसाल तर लॅपटॉप घ्या, मोबाइलचं ऑटोकरेक्ट 'पारोळा'चं काय करेल याचा नेम नाही.

यादीत नाव आलं की साइट गुगलवर वर येते ना? माझा गिऱ्हाईक तेच विचारतोय.

गिऱ्हाईक पंधरा-वीस वर्षांपूर्वीचं बोलतोय. एके काळी डीमॉझमध्ये नोंद असणं ही साइटवाल्यांना मोठी गोष्ट वाटायची. इतकी की संपादकाने लिहिलेलं वर्णन गुगल स्वतःच्या निकालात साइटखाली दाखवायचं, आणि ते नको असेल त्यांच्यासाठी 'नोओडीपी' नावाची वेगळी सूचना पानात घालायची सोय होती. डीमॉझ बंद झाल्यावर २०१७ मध्येच गुगलने तीही काढून टाकली. आज यादीत आल्याने साइट वर चढेल असं आश्वासन कुणालाही देऊ नका. आणि गिऱ्हाइकासाठी अर्ज करत असाल तर वरचा भावाच्या दुकानाचा प्रश्न पुन्हा वाचा.

आमच्या तालुक्यात धड मराठी साइटीच नाहीत. यादी कशाची करणार?

शोधायची पद्धत बदलून बघा. तालुक्याचं नाव टाकून शोधलं की बातम्या आणि दुकानांचे पत्तेच येतात. त्याऐवजी गोष्टीचं नाव टाका. चाळीसगाव नको, पाटणादेवी टाका. शहादा नको, सारंगखेड्याचा घोडेबाजार किंवा प्रकाशा टाका. अमळनेर नको, साने गुरुजींची शाळा टाका. फैजपूर टाकायचं तर १९३६ च्या काँग्रेस अधिवेशनासकट टाका, ते खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन. धुळ्याला इतिहासाचार्य राजवाड्यांच्या नावाचं संशोधन मंडळ आहे, समर्थ वाग्देवता मंदिर आहे. अशा ठिकाणांचा अभ्यास करणारी माणसं कुठे ना कुठे लिहीत असतात. बहिणाबाईंवर लिहिणारे तर विचारूच नका. एका चांगल्या साइटच्या दुव्यांतून दुसरी सापडते, तिच्यातून तिसरी. तासाभरात तीन मिळाल्या की अर्जाचे नमुने झाले.

आणि नाहीच मिळाल्या तर ती कॅटेगरी सोडा. रिकाम्या खणाला संपादक कशाला?

तुम्ही माझा अर्ज भरून द्याल का?

नाही. नमुना नोंदी पाठवल्यात तर वाचून देईन, लाल पेनाने खुणा करीन, लिहून देणार नाही. गेल्या पावसाळ्यात रावेरकडच्या एका तरुणाने पाठवल्या होत्या. पहिल्या खेपेला एकाच वर्णनात तीन वेळा 'सर्वोत्तम'. दुसऱ्या खेपेला एकदा. तिसऱ्या खेपेला तो शब्द गेला, पण 'उत्तम' राहिला. मी फक्त त्याभोवती गोल काढून परत पाठवला. चौथ्या खेपेच्या नोंदीबरोबर त्याने खाली लिहिलं होतं, "काका, आता यात काहीच उरलं नाही, फक्त माहिती राहिली." मी म्हटलं, पाठव.